पाऊस चुकला की आधी मजुरी बुडते

गावाकडून फोन आला की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? तब्येत कशी आहे, हा दुसरा. पहिला असतो, "पाऊसपाणी कसं हाय?" मुंबईच्या चाळीत जन्मलेला, औताला कधी हात न लावलेला मुलगासुद्धा आजीला हेच विचारतो. त्याच्या बापाच्या नावावर गावात एक गुंठा नाही, आजोबांच्या नावावरही नव्हता. तरी प्रश्न पावसाचाच. कारण सातबारा नसला तरी पोट जमिनीवरच होते, आणि गावात राहिलेल्या आपल्या माणसांचे ते आजही तिथेच आहे.

पूर्वी या प्रश्नाला दोनच उत्तरे होती. आला, किंवा नाही आला. आता मराठवाड्यातून आणि वऱ्हाडातून तिसरेच उत्तर येते. "आला, पण कामाचा नाही." आम्हाला आज या उत्तराविषयी लिहायचे आहे. वर्तमानपत्रात अतिवृष्टीची बातमी येते, हेक्टरचे आकडे येतात, मंत्र्यांचे दौरे येतात. ज्या बाईची खुरपणी बुडाली तिचा आकडा कुठेच येत नाही.

आधी पावसाचे काय झाले ते पाहू. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते आणि ते पाहायला स्टेशनात गर्दी लोटली होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता पाऊस असा कोसळला की त्याच भागातल्या नद्या फुगल्या. एकाच वर्षात आधी घसा कोरडा आणि मग पीक पाण्यात! २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागले आणि त्याचे उरलेसुरले ढग मराठवाड्यावर रिते झाले. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडे गावेच्या गावे वेढली, कित्येक शेतांतली मातीसुद्धा खरडून नेली.

हे सारे योगायोग नव्हेत. पुण्याला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. गंमत अशी की हंगामाचा एकूण पाऊस काही वाढलेला नाही, उलट घटला आहे. तोच पाऊस, थोडा कमीच, पण थोड्या दिवसांत उरकतो. मधले दिवस कोरडे.

असे का होते? अरबी समुद्र तापतो आहे, हवा तापते आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. घरातले पुसायचे फडके मोठे असेल तर ते जास्त पाणी शोषते, आणि पिळले की बादलीभर पाणी एकदम पडते. तसेच हे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून झालेल्या धुराने ही उष्णता वाढवली. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. या धुरात जुना आणि मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे, आपल्या वस्तीतल्या चुलीचा नाही. बेडकाचे लग्न लावून पाऊस वेळेवर येत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. (बेडूक मात्र शेतात हवा. त्याचे काम पुढे येईलच.)

आता मजुरीकडे येऊ. ज्यांनी शेतात काम केले आहे त्यांना 'वाफसा' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. पाऊस पडून गेला, वरचे पाणी ओसरले, माती ओली आहे पण पायाला चिकटत नाही, खुरपे सहज जाते, मुळाला पाणी आणि हवा दोन्ही मिळते, याला वाफसा म्हणतात. काळ्या जमिनीत कामे होतात ती वाफशावरच. जास्त भिजली तर पाय रुतून बसतो, वाळली तर तिला भेगा पडतात आणि खुरपे वाजते. पूर्वी पाऊस पडायचा, उघडीप मिळायची, पुन्हा पडायचा. प्रत्येक उघडिपीला वाफसा यायचा आणि प्रत्येक वाफशाला आपल्या मायबहिणींना काम असायचे. जुलै आणि ऑगस्ट हे निंदणी-खुरपणीचे महिने. सकाळी भाकरी बांधून बायांची रांग निघायची, एकेक पात धरून दिवस जायचा, आठवड्याच्या बाजाराला हातात पैसा यायचा.

आज दोन्हीकडून कोंडी आहे. वीस-वीस दिवसांचा खंड पडला तर तणही उगवत नाही, खतही टाकता येत नाही, मालक म्हणतो, "पाऊस येऊ द्या, मग बोलावतो." आणि झड लागली तर रान मोकळे होत नाही, गवत कमरेला लागते, पीक दबते. तेव्हा मालक दुकानातून तणनाशक आणतो. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दिवसभरात जेवढे रान मारतो तेवढ्याला बायांची अख्खी टोळी कित्येक दिवस लागली असती. मालकाला आम्ही सरसकट दोष देत नाही. वाफसाच मिळाला नाही तर तो तरी काय करील? पण एकदा फवारणीची सवय लागली की पुढच्या वर्षी चांगला वाफसा असूनही बायांना बोलावणे येत नाही. एका वर्षीच्या पावसाने गेलेले काम दुसऱ्या वर्षीच्या पावसाने परत येत नाही, हे आम्ही गावोगाव ऐकले.

या फवाऱ्याने आणखी एक गोष्ट नेली. निंदणीहून येणाऱ्या बाईच्या ओटीत संध्याकाळची भाजी असे. कुरडू, तांदुळजा, पाथरी, घोळ, केना, बांधावरचा तरोटा. शेतमालकाला ते तण, आपल्या घरात ते कालवण. कुरडूची भाजी तेलाच्या दोन थेंबांवर आणि लसणाच्या चार पाकळ्यांवर होई. त्या भाजीला पैसा लागत नसे, आणि त्यात बाळंतिणीला, वयात येणाऱ्या मुलीला लागणारे लोह असे. आता तीच मुलगी दवाखान्यात गेली की रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या घेऊन येते. तणनाशक मारलेल्या रानातली भाजी खुडून आणू नये, एवढे मात्र आम्ही आपल्या भगिनींना कळकळीने सांगतो. पान वरून हिरवे दिसते म्हणून फसू नये.

सोयाबीनचे निराळेच आहे. हे शंभर दिवसांचे पीक, एकदम तयार होते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या पंधरा-वीस दिवसांत कापून व्हावे लागते. नवरा-बायको, मुले, दीर-जावा अशी टोळी एकरावर गुत्ते घेते. या दिवसांच्या कमाईवर दिवाळी, मुलांची फी, दुकानदाराची उधारी सगळे ठरलेले असते. २०१९ च्या ऑक्टोबरात नेमक्या याच दिवसांत पाऊस मुक्कामाला आला. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, रचलेल्या गंजी कुजल्या. जे वाचले ते गुडघाभर चिखलातून कापायचे. पायाच्या बोटांना चिखल्या होऊन चालवेना अशी बायामाणसे आम्ही पाहिली. पूर्वी याच रानांत ज्वारी असे. ती पाण्याचा ताण सोसते, तिचा कडबा जनावराला होतो, आणि काढणीला मजुरी धान्यात मिळे म्हणजे घरात भाकरीची सोय होई. सोयाबीन घरात शिजवून खायचे पीक नव्हे. ते बुडाले तर पैसा बुडाला, आणि दाणा तर आधीच घराबाहेर गेलेला.

कापूस वेचणी किलोवर चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. बोंड फुटल्यावर पाऊस पडला की सरकी काळी पडते, कापसाची कवडी होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात कहर केला. किडक्या बोंडातून कापूस नखाने उकरून काढायचा, दिवस तोच, पाठ तेवढीच मोडते, पण काट्यावर वजन भरत नाही. मजुरी तेवढीच कमी. पुष्कळांनी वैतागून पीक वेळेआधी उपटले आणि उरलेली वेचणीही गेली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात औषध फवारताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, आणि फवारणारा बिचारा घामाघूम, तोंडाला साधे फडके. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेलेही होते. अळी अमेरिकन बियाण्याला सरावली हे त्याचे मोठे कारण, सगळे खापर हवामानावर फोडता येणार नाही. पण हवा बिघडली की कीड वाढते, कीड वाढली की फवारा वाढतो, आणि फवाऱ्याचा पंप शेवटी ज्याच्या पाठीवर बसतो तो कोण हे वेगळे सांगायला नको.

कीड एकाएकी वाढत नाही. शेतात एक मोठे कुटुंब असते. अळी खाणारे पक्षी असतात, बेडूक असतो, कोळी असतो, मावा खाणारा ढालकिडा असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिने गहू-हरभरा आणि फळबागा झोपवल्याच, पण झाडाखाली मेलेल्या पाखरांचा खच पडला होता. त्या पाखरांची भरपाई कोण करणार? कोरड्या ऑगस्टात बेडकांची डबकी आटतात. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोवळे कोंब शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केले. ओल सतत राहिली की त्या वाढतात. बादल्या घेऊन गोगलगायी वेचायला मजूर लावावे लागले. हंगामातले पहिले काम ते, आणि कशाचे! पुढच्याच वर्षी, २०२३ ला, कोरड्या दिवसांनंतर पांढरी माशी माजली आणि तिने विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरवला. एका वर्षी ओलीने, दुसऱ्या वर्षी कोरडीने. तुरीलाही तेच. फुलोऱ्यात धुई पडली की फूल गळते, ढगाळ राहिले की शेंगा पोखरणारी अळी येते. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती ते शहरातल्या गृहिणी विसरल्या नसतील. त्याच्या मागे लागोपाठ दोन वर्षांचा तुटका पाऊस होता.

नुकसान झाले की पंचनामा होतो. तलाठी (कागदोपत्री त्याचे पद आता दुसऱ्या नावाने असले तरी गावात तो तलाठीच), ग्रामसेवक आणि कृषी खात्याचा माणूस शेतावर येतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत, आणि मदत हेक्टरावर. घर पडले, जनावर वाहून गेले, माणूस दगावला तर त्याचीही तरतूद आहे, आणि ती आपल्या माणसांनी हक्काने घ्यावी. पण ज्या कुटुंबाची सोयाबीनची वीस दिवसांची कापणी त्या पाण्यात गेली, त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. शेताचा पंचनामा होतो, शेतात राबणाऱ्या हातांचा होत नाही. जे बटईने किंवा ठोक्याने रान करतात त्यांचे हाल आणखी मोठे. बियाणे त्यांचे, खत त्यांचे, घाम त्यांचा, आणि भरपाई ज्याचा सातबारा त्याच्या खात्यावर. कोणी भला मालक निम्मी देतो. कोणी फोन उचलत नाही. म्हणून बटई करणाऱ्यांनी करार कागदावर करावा. २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेत कुळाला आणि बटईदाराला जागा आहे, पण कागद असेल तर. मालक कागदाला तयार होत नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी मागून पाहावे. चार जणांनी मिळून मागितले तर निराळे पडते.

आणि ज्यांच्याकडे थोडीबहुत जमीन आहे, ती कोणती? १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४ च्या डिसेंबरात तो देशभर पेटला. आपल्या आयाबाया तान्ही लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. त्या लढ्यांच्या बळावर पुढे मराठवाड्यात कित्येक कुटुंबांनी गायरानाचा तुकडा धरला. १९९१ च्या नोव्हेंबरात सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तरीही कित्येकांचे नाव आजवर सातबाऱ्यावर चढलेले नाही, म्हणून पंचनामाही नाही. पण मुद्दा मातीचाही आहे. गावाने चांगली काळी कसदार जमीन गायरान म्हणून सोडली नव्हती. सोडला होता तो उतार, माळ, मुरूम. वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खंड पडला तर काळ्या रानातले पीक तग धरते, माळावरचे आठ-दहा दिवसांत माना टाकते. कोसळला तर तीच वीतभर माती वाहून जाते. ज्यांनी लढून जमीन मिळवली त्यांच्याच वाट्याला पावसाचा पहिला फटका येतो. बांध घालावा, बांधावर गवत आणि झाडे लावावीत, ज्वारी-तूर मिसळून पेरावी, हे त्या लोकांना कोणी शिकवायला नको. पण सातबारा नसलेल्या जमिनीवर सरकारी बांध घालून मिळत नाही, आणि उद्या उठवले तर, या धास्तीने कोणी स्वतःचे चार पैसेही घालत नाही.

जुनी माणसे १९७२ चा दुष्काळ काढतात. लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, ती पिढी अजून आपल्यात आहे. निम्मी मुंबईची वस्ती त्या दुष्काळाने भरली. पण त्या हालांतून एक गोष्ट हाती आली. मागेल त्याला काम. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, देशाने २००५ साली त्याच वाटेवरचा कायदा केला. आम्हाला इथे एक अडचण दिसते, तिचा विचार व्हायला हवा. १९७२ चे संकट कोरडे होते. रान रिकामे होते, पण माती खणता येत होती, म्हणून काम काढता आले. आजचे संकट पुष्कळदा ओले आहे. सप्टेंबरात पाण्यात गेलेल्या गावात मातीकाम कसे काढणार? म्हणजे शेतातले काम बुडाले आणि हमीचे कामही त्या दिवसांत निघेना. पाणी ओसरताच खरडलेली जमीन सावरण्याचे, बांध-नाले बांधण्याचे काम त्याच गावात, त्याच मजुरांना मिळाले पाहिजे, आणि बुडालेल्या दिवसांचा हिशोब वेगळा झाला पाहिजे. काम मागायचे ते तोंडी नव्हे. लेखी मागावे आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल तर आपण काम मागितलेच नव्हते असे म्हणायला साहेब मोकळा.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर आम्ही एका बौद्धवाड्यात गेलो होतो. एका भगिनीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली दिनदर्शिका टांगलेली. ज्या दिवशी मजुरीला गेली त्या तारखेवर ती पेन्सिलने फुली मारते. दुधाचा हिशोब ठेवतात तसा. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण सवय तिची अशी पक्की की चार वर्षांच्या दिनदर्शिका एकाच खिळ्याला अडकवलेल्या होत्या. आम्ही पाने उलटून पाहिली. जुलैच्या पानावर जुन्या वर्षी एकोणीस फुल्या, मग चौदा, मग अकरा. या वर्षीच्या सप्टेंबरात चार. "हे कुणाला दाखवायचं, दादा?" असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, ग्रामसभेत दाखवा, आणि वस्तीतल्या बाकीच्या बायांनाही फुल्या मारायला लावा. तिने चारही दिनदर्शिका खिळ्यावरून काढल्या, धूळ झटकली आणि पिशवीत भरून ठेवल्या. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला होती.